आधी पाणी, मग मीठ

लघवीचा आजार झालेला माणूस मी चालीवरून ओळखतो. तो पाय जरा फाकवून चालतो. आडोशाला गेला की लवकर परत येत नाही, आणि आला की कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मिठागरावर मोरवा गावचा एक गडी असा चालताना दिसला. चार दिवस मी गप्प बघितलं. पाचव्या दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "जळतंय काय रे?"

"न्हाय बाबा. जराशी उन्हाळी लागलीय."

"किती महिने झाले तुझ्या जराशीला?"

त्यावर तो तिथंच बसला आणि डोक्याचं मुंडासं सोडून त्यात तोंड खुपसून रडला. तीस वर्षांचा आडदांड गडी, मिठाचं पोतं एका हाताने उचलणारा.

हे मी त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी लिहायला घेतलंय. माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण खोटं नाही. डॉक्टरकी मला येत नाही, ती डॉक्टरला विचारा. माझ्यावर काय गुदरलं तेवढं सांगतो. वाचताना लाज वाटली तर वाचणाऱ्याने वाटून घ्यावी, माझी कधीच संपली.

*

माझं नाव जोमा. भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरावर जन्म गेला. आधी मजूर होतो, मग गड्यांचा म्होरक्या झालो. बायको गेल्या शिमग्याला तापाने गेली. तिचं नाव राघी. ती होती तोवर मी तिला कधी नावाने हाक मारली नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. "धर्माची आय" म्हणायचो. आता नाव लिहितो, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट मला सांगता यायची नाही. आजार माझा होता, पण बरं करून घ्यायचं बरंचसं काम तिने केलं.

ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी पन्नाशीला आलो होतो. चैत्रात मीठ ओढायचं काम चालू होतं. लघवीला गेलो आणि आग झाली. आग तर मिठावर काम करणाऱ्या सगळ्यांनाच होते, उन्हाळी म्हणतात, धने-जिऱ्याचं पाणी प्यालं की जाते. माझी गेली नाही. महिन्याभरात ओटीपोटात दुखायला लागलं. मागेपुढे, बसायच्या जागेच्या मधोमध, कुणी खिळा ठोकून ठेवलाय असं. धार मध्येच तुटायची. उभा राहून वाट बघायचो, कुंथायचो, घाम यायचा. जड काम केलं की शेवटी दोन थेंब रक्त पडायचं.

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिठाच्या वाफ्यात कुणी लघवी करत नाही. मीठ अन्नात जातं, ते देवाचं. बांधावरही नाही. सगळे वाफे ओलांडून पार खाडीच्या कडेला जायचं. तेवढं चालून जायला नको म्हणून आम्ही दुपारपर्यंत धरून ठेवायचो. आणि धरायचं असलं तर प्यायचं नाही. शिवाय गोडं पाणी मिठाचं वैरी, वाफ्याजवळ मडकं आणायचं नाही. दुपारी बाया लांबच्या विहिरीचं पाणी आणायच्या, तेव्हा प्यायचं. सकाळपासून दुपारपर्यंत, टाळूवर ऊन आणि पायाखाली खारं पाणी घेऊन जो पाण्याचं नाव काढणार नाही तो खरा आगरी. मी तर म्होरक्या. तीस वर्षं मी दुपारच्या आधी पाण्याला हात लावला नव्हता, आणि नव्या गड्यांना त्याची फुशारकी सांगायचो.

आग व्हायला लागल्यावर मी आणखी शहाणपणा केला. म्हटलं, कमी प्यालं की कमी वेळा जावं लागेल, कमी जळेल. राघी रोज धने-जिऱ्याचं पाणी करून ठेवायची. ती वळली की मी ते जास्वंदीच्या बुडाशी ओतायचो. त्या वर्षी जास्वंद फार फुलली.

*

आता खरं सांगतो. मी घाबरलो होतो ते दुखण्याला नाही.

पंचविशीत मी मीठ भरलेल्या मचव्यावरून मुंबईच्या बंदरात गेलो होतो. राघी तेव्हा धर्माच्या वेळेला आमच्या इकडच्या डोंगरी गावात माहेरी होती. मचव्यावरचे दोघे मला बायांच्या एका घरी घेऊन गेले. घेऊन गेले असं इतकी वर्षं मी मनात म्हणत आलो. पाय माझे होते. एकदाच गेलो, पुन्हा नाही. पण पुढच्या पाच वर्षांत आमची दोन पोरं गेली. एक पोटातच, एक सव्वा महिन्याची होऊन. लोक म्हणाले नजर लागली. मी कुणाला काही म्हणालो नाही. मला वाटायचं, मला ठाऊक आहे काय लागलं ते.

आणि आता पंचवीस वर्षांनी लघवीला आग. मी म्हटलं, आलं. ज्याची वाट बघत होतो ते आलं.

भाईंदरच्या बाजारात एक जडीबुटीवाला चादर पसरून बसायचा. त्याच्यासमोर सापाचं कातडं, मुळ्या, बरण्या. मी तीन दिवस त्याच्यासमोरून गेलो आणि चौथ्या दिवशी बसलो. मी काही बोलायच्या आधीच तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काका, पुराना परमा है. हड्डी में उतर गया है." परमा म्हणजे असल्या घरी जाणाऱ्याला लागतो तो रोग.

"बरा होईल?"

"होगा. चालीस दिन ये भस्म, बकरी के दूध में. औरत के पास नहीं जाना. और नमक बंद."

"काय बंद?"

"नमक. मीठ. एक कण भी गया तो दवा जहर."

मी मिठागराचा म्होरक्या. अंगाला मीठ, धोतराला मीठ, दाढीत मीठ. आणि चाळीस दिवस अळणी भात. लपणार कसं? राघीने निवट्या माशांचं कालवण केलं, मी पोट बरं नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठव्या दिवशी तिने ताट समोर ठेवलं आणि उभीच राहिली.

"अवो, माझ्या हातचं खायचं न्हाय असं काय केलंय मी?"

"तसं न्हाय."

"आतल्या खोलीत झोपायचं न्हाय, माझ्या हातचं खायचं न्हाय. कोन हाय ती, तिचं नाव तरी सांगा."

हसू नका. मी पंचवीस वर्षांपूर्वीचं पाप लपवत होतो आणि ती मला आत्ताच्या बाईबद्दल विचारत होती. मी ओरडलो, "कुनी न्हाय." तिने ताट उचललं, कुत्र्याला घातलं. ते मीठ घातलेलं कालवण कुत्र्याने आवडीने खाल्लं.

भस्माने तोंडात फोड आले. आग तशीच राहिली, वर धार आणखी तुटायला लागली.

*

पौषात आमच्याकडे पहिलं मीठ धरतं. त्याचा एक मान असतो. म्होरक्या आणि त्याची बायको, दोघांनी नव्या टोपलीचे दोन काठ धरायचे आणि पहिलं मीठ बांधावरच्या शेंदराच्या देवीपुढे ठेवायचं. जोडपं अंगाने निवळ हवं आणि मनात एकमेकांची आड नको, तर त्या साली मीठ पांढरं उतरतं. मी दरसाल ठेवत आलो होतो. त्या साली मी चुलतभावाला सांगितलं, "यंदा तू ठेव."

"का? तू काय मेलास?"

"कंबर धरलीय."

राघी नवं लुगडं नेसून बांधावर आली होती. चुलतभावाच्या बायकोच्या हातात तिने टोपली बघितली. तशीच मागे फिरली. त्या दिवसापासून तिने मला "जेवा" आणि "उठा" एवढंच बोलायचं ठेवलं.

मी एकदा खाडीत उतरून ओहोटीबरोबर जावं असा विचार केला होता. लिहून ठेवतो, कारण मोरव्याच्या गड्यानेही केला होता. असा विचार येतो. येऊ द्यावा आणि जाऊ द्यावा.

*

मला वाचवलं ते पास्कूने. पास्कू चौक गावचा, ख्रिस्ती, मच्छीमार. मासे खारवायला आमचं मीठ न्यायचा. तोंडाचा फाटका पण मनाचा स्वच्छ. मी खाडीच्या कडेला उभा होतो, तो होडीत बसून बघत होता. बराच वेळ झाला.

"जोमा, गळ टाकून उभा हायेस काय? लागला का मासा?"

तो होडीतून उतरून आला. माझ्या पायाशी दगडावर रक्ताचे थेंब होते. त्याचा आवाज बदलला.

"किती दिवस?"

"वरीस होत आलं."

"आनि कोनाला दाखवलंस?"

मी जडीबुटीवाल्याचं सांगितलं. पास्कू थुंकला. "मासा कुजला तर मी तो बाजारात दाखवतो का लपवतो?"

"लपवतोस."

"आनि मग काय होतं?"

"वास सुटतो."

"मंग चल. माझी बहीन रोजी मुंबईला इस्पितळात नर्स हाय. तिला असल्या गोष्टींची लाज न्हाय. आमच्या घरात लाज सगली माझ्याच वाट्याला आलीय."

राघीला सांगितलं, कंबर दाखवायला चाललोय. ती म्हणाली, "दाखवा."

*

तपासायचा दिवस. एवढा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मोठी खोली, पांढरे पडदे, औषधाचा वास. रोजी म्हणजे पास्कूसारखीच, फक्त टोपी घातलेली. मी धोतराची गाठ घट्ट धरून बसलो होतो. ती म्हणाली, "काका, लाजायचं काम घरी करायचं. इथं धोतर सोडायचं काम असतं."

डॉक्टर चष्मेवाला, माझ्यापेक्षा लहान. त्याने विचारलं, "धार मध्येच तुटते?"

"हो."

"जरा अंग हलवलं, आडवं झालं, की पुन्हा सुटते?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. हे मी राघीलाही सांगितलं नव्हतं. "तुमाला कसं कळलं?"

"तुझ्यासारखे फार येतात. काम काय करतोस?"

"मिठागरावर."

"पाणी किती पितोस?"

हे काय विचारतोय, मला वाटलं. म्हटलं, याला अजून परम्याचं कळलं नाही. मग मीच सांगून टाकलं. मचवा, बंदर, घर, दोन पोरं, सगळं. सांगताना मी भिंतीकडे बघत होतो. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस. तेही तपासू. आधी हे बघू दे."

त्याने एक चकचकीत वाकडी सळई काढली. ती कुठून आत घालतात ते लिहीत नाही, तुम्हाला कळलं असेल. दुखलं. फार दुखलं. रोजीने माझा हात धरला होता, तिच्या बोटांवर वळ उठले. सळई आत गेली, डॉक्टरने ती जराशी फिरवली. आणि माझ्या पोटातून आवाज आला. टक्.

"ऐकलंस?"

"काय हाय ते?"

त्याने पुन्हा फिरवली. टक्. टक्. मडक्यात खडा वाजावा तसं.

"खडा आहे. मुतखडा. चांगला सुपारीएवढा असेल. लघवीच्या पिशवीत बसलाय, धारेच्या तोंडावर येतो आणि वाट अडवतो."

"म्हंजे परमा न्हाय?"

"परम्याला आवाज नसतो," तो म्हणाला.

मी त्या फळीवर नागडा पडून, सळई आत असताना हसलो. रोजी म्हणाली, हसू नका, लागेल. लागलं. तरी हसलो.

*

पण डॉक्टरने लगेच माझं हसू थांबवलं. म्हणाला, "खडा आहे हे नक्की. पण तू जे सांगितलंस, तेही असू शकतं, माणसाला दोन्ही होतं. लघवी काचेवर घेऊन बघतो आणि रक्त तपासतो. आणि तुझ्या बायकोचंही रक्त लागेल."

"तिला कशाला?"

"तुला असलं तर तिला असेल. तिने का भोगायचं?"

म्हणजे तिला सांगावं लागणार होतं. सळई यापुढे काहीच नव्हती.

ती रविवारी आली. हातात पेजेचा डबा. इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. कबुतरं चालत होती. मी सांगितलं. सांगायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एक कबुतर बाकाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेलं, इतकी ती गोष्ट छोटी होती. आणि मी ती पंचवीस वर्षं उचलली होती.

तिने एकच विचारलं, "कंदी?"

"धर्माच्या येळेला. तू डोंगरीला होतीस."

"म्हंजे मी बाळंतीन होते."

"हो."

तिने डब्याचं झाकण उघडलं. "पेज गार होतेय. खा." आणि उठून रोजीकडे गेली, हात पुढे केला, रक्त दिलं. जाताना माझ्या बाकासमोरून गेली, थांबली नाही. पुढचे चार दिवस आली नाही. धर्मा पेज आणायचा आणि सांगायचा, "आय न्हाय बोलत. काय केलंस बाबा?" मी म्हणालो, "तुज्या जल्माच्या येळचं हाय, तू न्हाय विचारायचं."

*

इस्पितळातले दिवस वाईट नव्हते. आमच्या वॉर्डात सगळे लघवीचेच. प्रत्येकाच्या खाटेखाली काचेची बाटली. सकाळी उठलं की आपापली बाटली उजेडात धरायची आणि शेजाऱ्याशी ताडून बघायची. कुणाची चहासारखी, कुणाची ताकासारखी. शेजारच्या खाटेवर एक गुजराती म्हातारा, कापडाच्या दुकानात बसणारा. तो माझी बाटली बघून म्हणायचा, "जोमाभाई, हा रंग पक्का छे, धुण्यात नाय जाणार." बाहेर ज्या गोष्टीचं नाव काढायला आम्ही मेलो असतो, तिच्यावर तिथं सकाळी सकाळी पैजा लागायच्या. माणसाला किती सोपं झालं असतं, बाहेरही असंच असतं तर.

खडा काढायला पोट कापायच्या दिवशी मला घेऊन जायला आले तेव्हा दारात राघी उभी होती. माझ्या गळ्यातला ताईत काढून तिने आपल्या पदराला बांधला, कारण आत न्यायला परवानगी नव्हती. नाकावर औषधाचा बोळा आला. मला आकडे मोजायला सांगितले होते, मी वाफे मोजले. सातव्या वाफ्याला झोपलो.

जाग आली तेव्हा पोटातून रबरी नळी निघाली होती आणि राघी खाटेशी माझ्याकडे पाठ करून बसली होती. तशीच बसून राहिली. रोज यायची, पाठ करून बसायची, पेज मागे सरकवायची. गुजराती म्हातारा म्हणाला, "तुमची बाई भिंतीला भेटायला येते."

डॉक्टरने खडा बशीत घालून आणला. पिवळट पांढरा, खरखरीत. मी हातात घेतला आणि सवयीने जिभेला लावायला गेलो, मिठाचा खडा आम्ही असाच पारखतो. रोजीने हातावर चापट मारली. मग नखाने खरवडून बघितलं. थरावर थर. मला एकदम कळलं. मी तीस वर्षं पाणी आटवून मीठ पिकवत आलो. पाणी कमी झालं की खडा धरतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि तेच मी माझ्या पोटात पिकवत होतो, वर जास्वंदीला धने-जिरे पाजत होतो.

डॉक्टर म्हणाला, "दोघांचंही रक्त चांगलं आहे. लघवीतही काही नाही."

"मंग पोरं?"

"पोरं कशाने गेली ते मला सांगता येणार नाही. पण या रोगाने नाही. तुझ्यामुळे नाही."

मला दोन पोरांचं तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. आधी पंचवीस वर्षं नुसती भीती होती, रडायला जागाच नव्हती. राघीची पाठ हलत होती. तीही रडत होती. तशीच पाठ करून ती म्हणाली, "रगत चांगलं हाय ते बरं झालं. मानूस चांगला हाय का, ते रगतात दिसत न्हाय."

हे तिचं बरोबर होतं. रोग नव्हता म्हणून मी त्या घरी गेलो नव्हतो असं होत नाही.

*

नळी काढली त्या दिवसाचं सांगतो, ते मला कितीदाही सांगायला आवडतं. जखम भरत आली होती. डॉक्टर म्हणाला, आता आपली आपण करून बघ. वॉर्डात वीस खाटा. सगळ्यांना ठाऊक. मी पडद्यामागे बाटली घेऊन उभा राहिलो. बाहेर सगळे गप्प. इतकी शांतता मी पूजेलाही बघितली नाही. एक थेंब. दुसरा. मी डोळे मिटले. आणि मग धार लागली. न तुटता, न जळता, बाटलीच्या तळावर वाजत. मला वाटलं ही थांबणारच नाही. पडद्याबाहेरून गुजराती म्हातारा म्हणाला, "आवी गई, भाई, आवी गई." आणि वीस खाटांवरून लोक टाळ्या वाजवायला लागले. राजाला मुकुट घालताना काय वाटतं मला ठाऊक नाही. पण मी ती बाटली हातात घेऊन पडद्याबाहेर आलो तो राजासारखाच.

राघी दारात होती. तिने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग तिने पदर तोंडाला लावला.

*

घरी आलो. तिने तो खडा माठाशेजारी फळीवर ठेवला. सकाळी मी उठलो की बोट दाखवायची. मी तांब्याभर पाणी प्यायचो. ती उभी राहून शेवटच्या घोटापर्यंत बघायची आणि मग जायची. बोलणं तेवढंच. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी अंगाने बरा झालो होतो, गड्यांबरोबर कामाला लागलो. पण घरात अळणी होतं.

पौष आला. पहिलं मीठ धरलं. चुलतभाव म्हणाला, "यंदा तू ठेव. तू बरा झालायस." मी नवी टोपली भरली आणि बांधावर उभा राहिलो. एक काठ माझ्या हातात, दुसरा मोकळा. सगळे गडी, त्यांच्या बाया, सगळे बघत होते. राघी नव्हती. ऊन चढत होतं. कुणीतरी हळूच म्हणालं, कुणाला तरी पाठवा. मी म्हणालो, "नको. यायची असली तर येईल. न आली तर तिचं बरोबर हाय."

हे मी सगळ्यांसमोर म्हणालो. का बरोबर आहे ते कुणाला कळलं नाही. तिला कळलं असतं.

ती आली. विहिरीकडून आली, डोक्यावर हंडा, नवं लुगडं, चाल सावकाश. बांधावर चढली. आमच्या आगरावर दुपारच्या आधी पाणी आणलेलं कुणी बघितलं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "अगं राघे, मिठाजवल पानी?" राघीने हंडा उतरवला, पितळेचा पेला भरला आणि माझ्यासमोर धरला.

"आधी पानी," ती म्हणाली. "मंग मीठ."

"सगले बघतायत."

"बघू दे. पहिलं तुमी बघत होता, सगले गडी तहानेने मरत होते."

मी एका हाताने टोपली धरून पेला रिकामा केला. तिने पुन्हा भरला. तोही प्यालो. तिसरा भरला तेव्हा मी म्हणालो, "आता फुटेन." गडी हसले. तीही हसली, सगळ्यांसमोर, दात दाखवून. मग पेला हंड्यावर पालथा घातला, पदराला हात पुसले, आणि टोपलीचा दुसरा काठ धरला.

देवीपुढे मीठ ठेवताना ती मला ऐकू जाईल एवढंच बोलली. "विसरले न्हाय. सोडून दिलं."

त्या सालापासून आमच्या आगरावर सकाळी दोनदा पाणी येतं. मडकी बांधाच्या वळणावर ठेवतो, प्यायचं आणि खाडीकडे जायचं, धरून ठेवायचं नाही. मीठ काळं पडलं नाही. नऊ वर्षं आम्ही दोघांनी टोपली धरली. दहाव्या पौषाला धरली आणि शिमग्याला ती गेली. शेवटच्या तापातही तिने माठाकडे बोट दाखवलं होतं. मला वाटलं तिला पाणी हवंय. ती म्हणाली, "मला न्हाय. तुमी पिलात का?"

*

मोरव्याच्या गड्याचं राहिलं. मी त्याला मुंबईला नेलं, रोजी अजून तिथं आहे, आता मोठी नर्स आहे. त्याचं दुखणं खड्याचं निघालं नाही. त्याचा खरंच परमा निघाला. मी हे मुद्दाम लिहितो. माझं दुखणं निर्मळ निघालं म्हणून मी बरा झालो असं कुणी समजू नये. त्याला सुया दिल्या, लढाईनंतर नव्या निघाल्यात त्या. काही दिवसांत तो सरळ चालायला लागला. त्यालाही डॉक्टरने सांगितलं, बायकोला आणायचं. त्यालाही सांगावं लागलं. त्याची बायको आठ दिवस माहेरी गेली, मग परत आली, तिनेही सुया घेतल्या. तो मला म्हणाला, "लिवा बाबा. नाव सोडून सगलं लिवा. ज्याला कलायचं त्याला कलू दे."

यंदाच्या पौषात पहिलं मीठ धरलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बायको गेलेला रांडवा, माझा मान गेला, आता तो कुणाला द्यायचा ते मी सांगायचं. धर्मा मुंबईला गोदीत कामाला. मी टोपली मोरव्याच्या गड्याच्या हातात दिली. तो मागे सरकला. माझ्या कानाशी म्हणाला, "बाबा, मी? तुमाला तर ठावं हाय."

"ठावं हाय म्हनूनच. अंग निवळ हाय. मनाचं तुजी बायको सांगेल."

त्याची बायको आली. कुणाकडे न बघता तिने दुसरा काठ धरला. मी राघीचा पितळी पेला घरून आणला होता. हंड्यातून भरला, आधी त्याच्या तोंडाला लावला, मग तिच्या. दोघांनी पूर्ण प्यालं. मी पेला हंड्यावर पालथा घातला.

"आता मीठ," मी म्हणालो.